डबी, काडी आणि बोट



पोळ्यानंतर तान्हा पोळा, त्यामागून गणपती, मग गरबा, दिवाळी, शाळेचे स्नेहसंमेलन आणि शेवटी लग्नसराई. आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे नटण्याथटण्याचे प्रसंग असे रांगेने येतात. पूर्वी घरात एक कुंकवाचा करंडा, एक काजळाची डबी आणि फार तर पावडरचा एक डबा असे. आज आठवीतल्या मुलीच्या पिशवीतही लिपस्टिक, आयलायनर आणि रोल-ऑन निघते. मुलगेही मागे नाहीत. त्यांच्या खिशात चेहरा उजळवण्याची ट्यूब सापडते.

यावर रागावण्यासाठी हा लेख नाही. नटणे हा माणसाचा फार जुना छंद आहे आणि तो आम्हांलाही आवडतो. पण एक गोष्ट आमच्या लक्षात येते. डबीत काय आहे, त्याची किंमत काय, कोणती नटी त्याची जाहिरात करते, याची चर्चा घरोघरी होते. ते त्वचेवर कशाने लावले जाते, याकडे मात्र कोणी पाहत नाही. बोट, काडी, ब्रश, स्पंज, गोळी, नळी ही सगळी उपकरणेच आहेत. प्रत्येक उपकरणाला दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला, याने त्वचेवर किती माल लागतो? दुसरा, त्वचेवरून परत डबीत काय जाते? या दोन प्रश्नांच्या आधारे आपण करंड्यापासून आजच्या यंत्रांपर्यंत थोडा फेरफटका मारू.

पहिले उपकरण : आपले बोट

आपल्या आज्या कपाळाला आधी थोडे मेण लावत आणि त्यावर बोटाने कुंकू टेकवत. कोणी गोल लावी, कोणी आडवी चिरी ओढी. कुंकू पारंपरिक रीतीने हळदीपासून तयार होते. हळदीतले कर्क्युमिन हे द्रव्य चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात आले की लाल होते. दहावीच्या मुलांनी दर्शकांच्या पाठात हे वाचलेच आहे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले केम हे गाव या कुंकवासाठी प्रसिद्ध आहे.

हळदीकुंकवाला एकाच करंड्यातून पन्नास जणींच्या कपाळाला कुंकू लागते. मग एकमेकींचे रोग का लागत नाहीत? कारण कुंकू कोरडे असते. जंतूंना वाढायला पाणी लागते आणि कोरड्या पुडीत किंवा मेणात पाणी जवळजवळ नसते. शिवाय कपाळाची अखंड त्वचा ही भक्कम भिंत आहे. डोळा आणि ओठ तसे नाहीत. म्हणजे सर्वांनी मिळून वापरायची वस्तू कोरडी असावी आणि नाजूक जागी जाऊ नये, हा नियम आपल्या रीतीत आपोआप पाळला गेला होता.

येथे शेंदराविषयी एक सूचना द्यायला हवी. जाम सावळीच्या हनुमंताच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. देवाला वाहिला जाणारा पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड असते. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक ठरते. देवाचा शेंदूर देवालाच शोभतो. तो हाताला लागला तर प्रसाद खाण्यापूर्वी हात धुवावेत आणि लहान बाळाच्या कपाळाला त्याचा टिळा लावू नये. कपाळाचे कुंकू आणि हा शेंदूर रंगाने जवळचे दिसले तरी द्रव्ये वेगळी आहेत.

दुसरे उपकरण : सळई

हिंदीत सलाई, मराठीत सळई आणि संस्कृतात शलाका. हे उपकरण किती जुने आहे? हडप्पा आणि मोहेंजोदडो येथील उत्खननांत तांब्याच्या बारीक सळया मिळाल्या आहेत. त्या डोळ्यांत अंजन घालण्यासाठी वापरत असाव्यात, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. आपल्याच राज्यात खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरावर, म्हणजे दहाव्या शतकातल्या शिल्पांत, डोळ्यांत काजळ घालणारी सुंदरी कोरलेली आहे. सहलीला गेलात तर ती जरूर शोधा.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तर या सळईचे मापच दिले आहे. लांबी आठ अंगुळे, मध्ये बारीक, दोन्ही टोके कळीच्या आकाराची आणि वाटाण्यासारखी गोल, शिवाय हातात नीट धरता येईल अशी. अंजनाच्या प्रकाराप्रमाणे ती सोने, चांदी, शिंग, तांबे, कांसे, लोखंड अशा वेगवेगळ्या पदार्थांची करावी आणि अंजनाची भांडीही तशीच असावीत, असे तेथे सांगितले आहे. बोटाचाही पर्याय दिला आहे. टोक गोल कशासाठी, ते उघड आहे. डोळ्याला टोचू नये. धातू किंवा शिंग कशासाठी? त्याला गुळगुळीतपणा असतो, ते पुसता येते, धुता येते. दोन हजार वर्षांच्या आसपास जुना असलेला हा विचार आजच्या कारखान्यातल्या अभियंत्यालाही मान्य होईल. गुरुवंदनेच्या प्रसिद्ध श्लोकात गुरू शिष्याचे डोळे उघडतो तो अंजनाच्या शलाकेने, हेही आपल्याला ठाऊक आहे.

घरचे काजळ म्हणजे दिव्याची काजळी आणि तूप किंवा एरंडेल. त्यातही पाणी नसते. पण सुरमा मात्र तपासून घ्यावा. पुष्कळदा सुरमा म्हणजे शिशाचे सल्फाइड असते, आणि शिशाबद्दल वर सांगितलेच आहे. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालण्याचा सल्ला डॉक्टर देत नाहीत, कारण बोटावरची घाण आणि काजळी थेट डोळ्यात जाते. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर ती गालावर किंवा तळपायाला लावावी. बाळाचे डोळे तसेच राहू द्यावेत.

कारखान्यातली उपकरणे

विसाव्या शतकात डबी आणि काडी एकत्र झाल्या. आता उपकरण डबीच्या झाकणालाच चिकटलेले असते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी त्यांची रचना पाहण्यासारखी आहे.

लिपस्टिक : मेण, तेल आणि रंग यांची कांडी. खालचा भाग फिरवला की कांडी वर येते. अशा फिरत्या नळीचे पेटंट अमेरिकेतील नॅशव्हिल येथील जेम्स ब्रूस मेसन यांना १९२३ साली मिळाले. आत सर्पिल खाच असते आणि गोल फिरण्याचे रूपांतर सरळ वर जाण्यात होते. स्क्रूचेच तत्त्व हे.

कापसाची काडी : त्याच १९२३ साली न्यूयॉर्कच्या लिओ गर्स्टेन्झँग यांनी कापसाची तयार काडी बाजारात आणली. त्यांची पत्नी बाळासाठी दातकोरणीला कापूस गुंडाळत असे, त्यावरून ही कल्पना सुचली असे सांगतात. आपल्या शेतात पिकणाऱ्या कापसाचा हा सर्वांत छोटा आणि आजच्या विषयात सर्वांत उपयोगी अवतार आहे. कान कोरायला मात्र ती वापरू नये. मळ आत ढकलला जातो.

रोल-ऑन : बॉलपेनची कल्पना घेऊन १९५२ साली अमेरिकेत हे उपकरण बाजारात आले. बाटलीच्या तोंडाशी एक गोळी असते. ती फिरली की आतला द्रव तिच्या पृष्ठभागावर पातळ थराने चढतो आणि त्वचेवर उतरतो. त्याच फेऱ्यात त्वचेवरचा घाम मात्र गोळीबरोबर आत जातो.

मस्कारा आणि लायनर : १९५० च्या दशकाअखेरीस नळीत बुडणारी मस्काऱ्याची काडी आली. नळीच्या गळ्याशी रबराची किंवा प्लॅस्टिकची एक चकती असते. ती काडीवरचा जादा माल पुसून घेते, त्यामुळे प्रत्येक वेळी साधारण सारखाच माल बाहेर येतो. लायनरचीही रीत तीच. पहिल्या प्रश्नाला, म्हणजे किती लागते याला, हे फार छान उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नाला ते सर्वांत वाईट उत्तर आहे. पापणीला लागलेली ओली काडी पुन्हा बंद, ओल्या, अंधाऱ्या नळीत जाऊन बसते. जंतूंना याहून चांगले वसतिगृह कोणते?

डबीत परत काय जाते?

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांनी वापरलेली ४६७ प्रसाधने तपासली आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. लिपस्टिक, लिपग्लॉस, लायनर, मस्कारा आणि चेहऱ्यावर क्रीम पसरवण्याचे स्पंज त्यांत होते. त्यांपैकी ७९ ते ९० टक्के वस्तूंवर जीवाणू सापडले. सर्वांत वाईट स्थिती स्पंजांची होती. ९३ टक्के स्पंज कधी धुतलेलेच नव्हते आणि ६४ टक्के जमिनीवर पडूनही पुन्हा वापरले गेले होते. ओला स्पंज म्हणजे छिद्राछिद्रांत पाणी, तेल आणि त्वचेचे कण. भांडी घासण्याचा स्पंज चार दिवसांत कसा वास मारतो, ते आठवा.

यातला प्रत्येक जंतू आजारी पाडतो असे नाही. आपल्या त्वचेवर जीवाणू नेहमीच असतात आणि स्वतःच्या काडीवर स्वतःचे जीवाणू बहुधा फारसा त्रास देत नाहीत. त्रास सुरू होतो तो काडी हात बदलते तेव्हा. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात डोळे येण्याची मोठी साथ आली होती, ती सर्वांना आठवत असेल. डोळ्याला लागलेला हात, रुमाल, टॉवेल यांतून असे विषाणू पसरतात. एकाच काजळपेन्सिलीने नृत्याच्या पथकातील बारा जणींचे डोळे रेखणे म्हणजे एक रुमाल बारा जणींच्या डोळ्यांवर फिरवणेच आहे. ओठांवरचे पाण्याचे फोड, ज्याला हर्पीस म्हणतात, तेही उसन्या लिपस्टिकने पसरू शकतात.

क्रीमच्या डबीचे तेच. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचे मिश्रण. पाणी आहे म्हणून त्यात जंतुरोधक घालावे लागते, आणि दर वेळी न धुतलेले बोट आत गेले की त्याची शक्ती अपुरी पडू लागते. म्हणून रुंद तोंडाच्या डबीपेक्षा ट्यूब किंवा पंपाची बाटली बरी. त्यातून माल बाहेर येतो, हात आत जात नाही. पुष्कळ प्रसाधनांवर उघड्या झाकणाच्या डबीचे छोटे चित्र असते आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा इंग्रजीत छापलेला असतो. झाकण उघडल्यापासून तितके महिने वस्तू वापरावी, असा त्याचा अर्थ आहे.

किती लावायचे?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. डॉक्टर सांगतात, मलम पातळ लावा. पातळ म्हणजे किती? ब्रिटनमधील त्वचातज्ज्ञ लाँग आणि फिनले यांनी १९९१ साली याला एक सोपे माप सुचवले. पाच मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढायची. मोठ्या माणसाच्या बोटावर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. म्हणजे ३० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशी ६० मापे झाली. चेहरा आणि मान मिळून अडीच मापे लागतात. गणिताच्या शिक्षकांनी यावर एखादे उदाहरण जरूर घालावे.

हे माप आम्ही मुद्दाम देत आहोत. आपल्याकडे नायटा, खाज, मुरुम किंवा काळवंडणे यावर दुकानातून विचारून ट्यूब आणण्याची सवय आहे. यांपैकी अनेक ट्यूबांमध्ये तीव्र स्टेरॉइड असते. डॉक्टरांनी दिलेल्या जागी, दिलेल्या मापाने आणि दिलेल्या दिवसांसाठी ते उत्तम औषध आहे. रोज चेहऱ्याला क्रीमसारखे लावले तर पहिले काही दिवस चेहरा उजळ वाटतो. पुढे त्वचा पातळ होते, लालसर पडते, मुरुम येतात, केस वाढू लागतात आणि लावणे थांबवताच जळजळ सुरू होते. मग माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. नायट्यावर असे मिश्र मलम लावले तर खाज थांबते, पण बुरशी आतून पसरत राहते. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली, ती याच कारणाने. नियम झाला तरी सवय आपल्यालाच सोडावी लागेल. ट्यूब पाठीमागून वाचा. घटकांच्या नावात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असे काही दिसले, तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे.

वर लावणे आणि आत टोचणे

अलीकडे बॅटरीवर फिरणारे चेहऱ्याचे ब्रश, वाफ सोडणारी यंत्रे आणि सुयांचे रोलर घरपोच मिळतात. फिरता ब्रश जोराने दाबला तर त्वचा खरचटते, म्हणून तो हलक्या हाताने वापरावा आणि धुऊन वाळवावा. सुयांच्या रोलरची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या दांडीवर बारीक सुयांचे चाक असते. त्वचेला सूक्ष्म छिद्रे पाडून क्रीम आत पोचवणे, हा त्याचा उद्देश. येथे आपण त्वचेची भिंत ओलांडतो. जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदले तर जो धोका, तोच हा रोलर दोघांनी वापरण्यात आहे. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे रोग आहेत. असे उपकरण त्वचारोगतज्ज्ञाच्या हातात शोभते, बहिणी-बहिणींत वाटून घेण्यासाठी नाही.

टिकली आणि मेंदीचा कोन हीही लावण्याची साधनेच. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचे द्रव्य असते आणि त्याने कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. त्वचा खाजली किंवा रंग उडू लागला, तर टिकली लगेच बंद करावी. मेंदीचा खरा रंग केशरी ते तपकिरी असतो आणि तो चढायला काही तास लागतात. अर्ध्या तासात काळीभोर होणाऱ्या कोनात पीपीडी हे केसांच्या कलपातले रसायन असण्याची शक्यता असते. त्याने हातावर फोड उठतात आणि ती ॲलर्जी जन्मभर राहू शकते.

आमच्या शाळेत यापुढे

या सर्व विचारातून स्नेहसंमेलनासाठी आम्ही काही नियम ठरवले आहेत.

१) काजळ, लायनर, मस्कारा आणि लिपस्टिक प्रत्येकाने आपापली आणावी. घरात नसेल तर त्या वस्तूविनाही मूल रंगमंचावर जाईल. त्यावरून कोणी कोणाला हसणार नाही.

२) शाळेचे रंगसाहित्य थेट कोणाच्याही चेहऱ्याला लागणार नाही. स्वच्छ चमच्याच्या दांडीने हवा तेवढा रंग स्टीलच्या ताटलीत काढायचा, तेथून प्रत्येकासाठी नव्या कापसाच्या काडीने लावायचा. वापरलेली काडी कचरापेटीत जाईल, ताटलीत परत बुडणार नाही.

३) एक पावडरचा पफ सर्वांसाठी वापरणार नाही. कापसाचा बोळा घ्यायचा, वापरायचा आणि टाकायचा.

४) डोळे आलेले किंवा ओठांवर फोड असलेले मूल त्या दिवशी रंगाविना काम करेल. त्याची भूमिका काढून घेतली जाणार नाही.

५) कोणत्याही मुलाला भूमिकेसाठी गोरे केले जाणार नाही. कृष्णाला निळा रंग लावू, वाघाला पट्टे काढू. पण जिजाऊ, सावित्रीबाई किंवा राधा साकारणारी मुलगी ज्या वर्णाची असेल, त्याच वर्णात शोभून दिसेल.

विश्वस्त मंडळाला विनंती आहे की कापूस, काड्या, ताटल्या आणि हात धुण्याचा साबण यांसाठी संमेलनाच्या खर्चात वेगळी तरतूद करावी. भाड्याने आणायच्या पोशाखांपुढे हा खर्च किरकोळ आहे. पालकांना विनंती की मूल आरशासमोर जास्त वेळ घालवू लागले तर नुसते रागावू नका. ट्यूबवर काय लिहिले आहे ते त्याच्याबरोबर बसून वाचा. पाचवा नियम घरी मोडला, तर शाळेत तो टिकणार नाही.

घरी करून पाहा

चिमूटभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर लावा आणि वाळू द्या. मग कापसाच्या काडीने त्यावर चुन्याची निवळी मोठ्यांच्या देखरेखीखाली टेकवा. रंगाचे काय होते ते वहीत लिहा आणि त्यावर लिंबाचा रस लावून पुन्हा पाहा. मोठ्या मुलांनी घरातल्या प्रत्येक डबीवरचा महिन्यांचा आकडा शोधावा आणि ती केव्हा उघडली ते आईला विचारून तारखेची चिठ्ठी चिकटवावी. चांगल्या नोंदी पुढच्या अंकात छापू.

सर्वांना येत्या संमेलनासाठी मनापासून शुभेच्छा. भरपूर नटा, आणि आपापल्या काडीने नटा.

— प्राचार्य